नस्ती चालते कशी, अडते कुठे : सचिवालयाचं कामकाज आणि त्यामागची सनदी सेवा

शिरस्तेदार

"फाइल अडली" हे वाक्य सगळेच वापरतात. पण फाइल म्हणजे काय, ती कोणाकडून कोणाकडे जाते, एका टेबलावर ती कायद्यानं किती दिवस राहू शकते, हे मराठीत सलग मांडलेलं क्वचितच सापडतं. म्हणून हा धागा. सुरुवात मंत्रालयाच्या पद्धतीपासून करतो. दिल्लीतल्या सचिवालयात तपशील वेगळे आहेत, सांगाडा तोच. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात, भर घालावी.

नस्तीचे, म्हणजे फाइलचे, दोन भाग. उजवीकडे पत्रव्यवहार विभाग, डावीकडे टिपणी विभाग. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र, प्रस्ताव, निवेदन, न्यायालयाचा आदेश आणि इथून गेलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत उजवीकडे लागते. त्यावर शासनानं काय विचार केला, तो डावीकडे. दोन्हींचे पृष्ठक्रमांक स्वतंत्र चालतात, म्हणून टिपणीत "पृ. ४७/प.वि. वरील प्रस्ताव कृपया पाहावा" असं लिहिलेलं असतं. टिपणीतल्या परिच्छेदांना पहिल्या पानापासून ओळीनं क्रमांक देतात. हे क्रमांक नसले की तीन वर्षांनी नस्ती उघडणाऱ्याला कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याचं उत्तर आहे ते कळत नाही.

मार्ग असा : टपाल बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, नोंदलं जातं, तिथून कार्यासनाला (तो विषय हाताळणाऱ्या शाखेला) येतं. सहायक कक्ष अधिकारी ते कार्यविवरण नोंदवहीत घेतो, जुनी नस्ती असेल तर त्यात लावतो, नसेल तर नवी उघडतो आणि टिपणी मांडतो. पुढे कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव किंवा सह सचिव, सचिव, आणि विषय मंत्र्यांच्या अधिकारातला असेल तर मंत्री. निर्णय झाला की नस्ती त्याच पायऱ्यांनी उतरते, मसुदा तयार होऊन पुन्हा वर जातो, मान्य झाला की आदेश निघतो. म्हणजे साध्या प्रकरणातसुद्धा दोनदा चढ आणि दोनदा उतार. पहिला चढ सगळ्यांच्या लक्षात असतो. मंजूर झालेली प्रकरणं मसुद्याच्या फेरीत पडून राहतात, ते कुणी पाहत नाही.

चांगली टिपणी कशी ओळखायची? मागणी काय आहे, वस्तुस्थिती काय, नियम काय म्हणतो, पूर्वी अशाच प्रकरणात काय केलं, खर्च किती आणि कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खात्यातून), कोणत्या विभागांची सहमती लागेल, मग पर्याय, आणि शेवटी स्पष्ट प्रस्ताव व तो मंजूर करायला सक्षम कोण. यातला पूर्वदाखल्याचा भाग सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. ज्या टिपणीत नुसता पत्राचा गोषवारा असतो आणि खाली "आदेशार्थ सादर" एवढंच, तिथे खालच्यानं विचार केलेला नसतो आणि वरच्यांना सही करण्यापलीकडे काही उरत नाही. दिरंगाईपेक्षा हा दोष मला जास्त गंभीर वाटतो.


आवकजावक

उत्तम धागा. मुदतीचं मी सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. नाव लांबलचक : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. बोलताना दफ्तर दिरंगाई कायदा. १ जुलै २००६ पासून लागू. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची असेल तर ४ दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय आणि कार्यवाही, गरज असेल तर ३ महिन्यांत. हेतुपुरस्सर किंवा वारंवार विलंब झाला तर शिस्तभंगाची कारवाई.

आता मेख कुठे आहे ते पाहा. सात दिवस "एका कर्मचाऱ्याकडे" मोजले जातात. सहाव्या दिवशी एक त्रुटी काढून प्रस्ताव खाली परत पाठवला की ज्याच्याकडून तो गेला त्याचा हिशेब स्वच्छ. खालून उत्तर आलं की दुसरी त्रुटी. प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयातून आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात येतो आणि तिन्ही ठिकाणी तीच तपासणी नव्यानं होते. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात काढायच्या हा साधा शिरस्ता पाळला तर निम्मा वेळ वाचेल. हा कायदा न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणांना लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आणि "चर्चा करावी" हा शेरा! नस्ती त्या शेऱ्यासह खाली येते, चर्चा कधी होईल त्याची तारीख नसते. चर्चा झाली तर पुढची टिपणी "चर्चेनुसार फेरसादर". चर्चेत काय ठरलं, कोणत्या कारणानं ठरलं, याची एक ओळही नाही. दोन ओळींत तो सारांश लिहिणं कक्ष अधिकाऱ्याचं काम आहे. तो नसेल तर पुढे चौकशीत किंवा न्यायालयात ते पान निरुपयोगी ठरतं.


साधा_वाचक

एक शंका. निवेदनावर मंत्र्यांनी "तपासून सादर करा" असं लिहिलं असेल तर ती मंजुरी समजायची का? आणि नस्तीवर "मंजूर" लिहिलेलं माहिती अधिकारात मिळालं तर ते दाखवून लाभ मागता येतो का?


कलमबंद

दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे.

"तपासून सादर करा" म्हणजे कार्यासनानं तपासून टिपणी मांडावी, एवढंच. "नियमानुसार कार्यवाही करावी" हाही तसाच शेरा. नियमात बसत असेल तर करा, नसेल तर करू नका.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानं व्यक्त व्हावी लागते (केंद्रासाठी अनुच्छेद ७७, राष्ट्रपतींच्या नावानं). म्हणूनच प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ येते आणि खाली प्राधिकृत अधिकाऱ्याची स्वाक्षरी. नस्तीवरचा शेरा हा शासनाच्या आतला विचार. तो आदेशात उतरून संबंधिताला कळवला जाईपर्यंत बदलू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं बच्चित्तर सिंह विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात १९६२ साली हेच ठरवलं. पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) या राज्याच्या महसूल मंत्र्यांनी बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा द्यावी असं नस्तीवर लिहिलं होतं. ते कळवलं जाण्याआधी पेप्सू पंजाबात विलीन झालं आणि नव्या सरकारनं बडतर्फी कायम केली. मंत्र्यांचा तो शेरा आदेश ठरला नाही.

जाता जाता, शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. अधिनियम किंवा त्याखालचे नियम यांच्याविरुद्ध तो जाऊ शकत नाही, ते जिथे गप्प आहेत ती मोकळी जागा भरू शकतो. संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य, १९६७. प्रशासनातले बरेच वाद शासन निर्णय नियमावर कुरघोडी करायला जातो तेव्हा सुरू होतात.


जुनं_दफ्तर

आतापर्यंत यंत्राबद्दल बोलणं झालं, ते चालवणाऱ्या सेवेबद्दलही लिहायला हवं. आधी शब्दाचा उलगडा. "सनदी" हा शब्द कंपनीच्या काळातला. ईस्ट इंडिया कंपनीचे जे नोकर लेखी करार करून येत ते करारबद्ध, म्हणजे सनदी, बाकीचे बिगरसनदी. १७९३ च्या सनदेनं वरच्या जागा करारबद्ध नोकरांसाठी राखल्या. नेमणूक मात्र संचालकांच्या शिफारशीनं होत असे. १८०६ साली इंग्लंडमध्ये यांच्या शिक्षणासाठी कॉलेज काढलं, ते पुढे हेलीबरीला गेलं. १८५३ च्या कायद्यानं शिफारशीची पद्धत मोडली, १८५४ मध्ये मेकॉले समितीचा अहवाल आला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. इंग्लंडच्या स्वतःच्या नागरी सेवेत खुली स्पर्धा सर्रास व्हायला १८७० उजाडलं, म्हणजे हा प्रयोग त्यांनी आधी हिंदुस्थानसाठी केला. चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा बाराशे-तेराशे वर्षं चालू होत्या, १९०५ मध्ये त्या बंद झाल्या. त्यामुळे परीक्षेची कल्पना युरोपची असं मानायचं कारण नाही.

परीक्षा खुली, पण लंडनला. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, निवृत्तीच्या वेळी ते साताऱ्याला न्यायाधीश होते. त्यानंतर वयोमर्यादा उतरत गेली, १८७० च्या दशकाच्या शेवटी कमाल वय १९ वर आणलं. एकोणीस वर्षांच्या मुलानं समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा द्यायची, यात भारतीयांना वगळण्याचा डाव उघड होता आणि त्याविरुद्ध देशभर चळवळ झाली. भारतात परीक्षा घ्यावी ही मागणी पुरी व्हायला १९२२ साल उजाडलं, केंद्र अलाहाबाद. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये लंडनच्या परीक्षेत पहिले आले होते, म्हणजे त्याच्याही आधी.

सचिवालयाच्या दृष्टीनं एक गोष्ट कमी बोलली जाते : कर्झनच्या काळातली, १९०५ ची मुदतीची पद्धत. प्रांतातल्या अधिकाऱ्यानं ठरावीक वर्षांसाठी सचिवालयात यायचं आणि मुदत संपली की जिल्ह्यात परत जायचं. हेतू असा की धोरण लिहिणाऱ्याच्या पायाला शेतातली माती लागलेली असावी. ती चौकट आजही आहे. केंद्रात प्रतिनियुक्तीवर (राज्यातून उसन्या आलेल्या) अवर सचिवाची मुदत ३ वर्षं, उप सचिवाची ४, सह सचिवाची ५. याचा दुसरा परिणाम असा की वरचा अधिकारी बदलत राहतो आणि संस्थेची आठवण कार्यासनातल्या कायम माणसांकडे राहते. शिरस्तेदार यांनी पूर्वदाखल्याच्या कष्टाबद्दल लिहिलं आहे त्याचं मूळ इथे.


रेवा_का

लोकसेवा आयोग १९२६ चा असं सगळीकडे वाचते. मग संघ लोकसेवा आयोगाचं स्थापनावर्ष १९२६ म्हणायचं की १९५०?

आणि आयएएसला "सनदी अधिकारी" म्हणणं कितपत बरोबर?


जुनं_दफ्तर

१ ऑक्टोबर १९२६ ला लोकसेवा आयोग स्थापन झाला, ली आयोगाच्या शिफारशीनंतर, अध्यक्ष सर रॉस बार्कर. १ एप्रिल १९३७ ला तो संघराज्यीय लोकसेवा आयोग झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून संघ लोकसेवा आयोग. संस्था तीच, अधिकार बदलत गेले. दोन्ही वर्षं आपापल्या अर्थानं बरोबर.

सनदी सेवा म्हणजे आयसीएस, ब्रिटिश काळातली इंडियन सिव्हिल सर्व्हिस. आयएएस ही भारतीय प्रशासकीय सेवा, अनुच्छेद ३१२ आणि १९५१ च्या अखिल भारतीय सेवा अधिनियमाखालची. बोलीत शब्द रुळला आहे, म्हणू द्यावं. धाग्याच्या शीर्षकातही तो त्याच अर्थानं आलाय.

या सेवेची रचना दोन मालकांची आहे. भरती आणि नेमणूक केंद्राची, काम राज्याच्या संवर्गात (केडरमध्ये). संवर्गातल्या वरिष्ठ पदांच्या ४० टक्क्यांइतकी पदं केंद्रातल्या प्रतिनियुक्तीसाठी राखीव धरतात. साधारण एक तृतीयांश जागा राज्य सेवेतून बढतीनं भरतात. राज्य अशा अधिकाऱ्याला निलंबित करू शकतं, बडतर्फ करू शकत नाही. प्रतिनियुक्तीवर केंद्र आणि राज्याचं मतभेद झालं तर १९५४ च्या संवर्ग नियमांतल्या नियम ६ प्रमाणे केंद्राचा निर्णय चालतो. प्रत्यक्षात राज्यानं अधिकारी मोकळाच केला नाही तर केंद्राची कोंडी होते, आणि २०२२ मध्ये हा नियम बदलायचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक राज्यांनी कडाडून विरोध केला.

हे सगळं कशासाठी केलं? संविधान सभेत १० ऑक्टोबर १९४९ ला सरदार पटेलांनी सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली, ते भाषण पाहावं. माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहायची मोकळीक माझ्या सचिवांना आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. माझ्या मते सगळा मामला या एका वाक्यात आहे. स्वतंत्र आयोग, बडतर्फीपासून संरक्षण, केंद्राची नेमणूक, हे सगळं अधिकाऱ्याला सुखात ठेवायला दिलेलं नाही. नस्तीच्या डाव्या बाजूला निर्भयपणे लिहिता यावं म्हणून दिलं आहे. ते लिहायचं सोडून दिलं की संरक्षणाचं कारणच उरत नाही.


शिरस्तेदार

शेवटचा परिच्छेद फार मोलाचा. धन्यवाद.


लेखाशीर्ष

पैशाची बाजू राहिली आहे. बहुतेक नस्त्या खरं तर तिथे थांबतात.

शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात "वित्त विभागाच्या सहमतीने व त्यांच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये" असं वाक्य असतं. अनौपचारिक संदर्भ म्हणजे मूळ नस्तीच त्या विभागाकडे गेली, त्यांनी तिच्यावरच टिपणी लिहून परत केली. वेगळं पत्र निघत नाही. यानं वेळ वाचतो, पण नस्ती वित्त विभागात असताना मूळ कार्यासनाच्या हातात काहीच नसतं. दरम्यान नवं पत्र आलं तर भाग नस्ती उघडावी लागते. मूळ नस्ती परत आल्यावर ती भाग नस्ती तिच्यात विलीन करायलाच हवी. केली नाही तर एकाच विषयाच्या दोन नस्त्यांवर दोन वेगळे निर्णय होतात, आणि असं झाल्याचं न्यायालयात प्रतिज्ञापत्र लिहिताना उघड होतं.

वित्त विभाग विचारतो ते प्रश्न ठरलेले आहेत. तरतूद आहे का, कोणत्या लेखाशीर्षाखाली, खर्च आवर्ती की अनावर्ती, पुढच्या वर्षांचा भार किती, पदं लागणार असतील तर मंजूर आकृतिबंधात (पदांच्या मंजूर तक्त्यात) ती आहेत का. नवी पदं हवी असतील तर प्रस्ताव उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातो. हे प्रश्न आधीपासून माहीत असूनही प्रस्ताव त्यांच्या उत्तरांशिवाय जातो, ही शुद्ध हलगर्जी.

बांधकामात तीन गोष्टी वेगळ्या : प्रशासकीय मान्यता (हे काम हवं आहे आणि इतका खर्च मान्य आहे), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रक अभियांत्रिकीच्या दृष्टीनं बरोबर आहे), आणि अर्थसंकल्पीय तरतूद (यंदा पैसे आहेत). तिन्ही झाल्यावर निविदा, मग कार्यारंभ आदेश. लेखापरीक्षणात सारख्या येणाऱ्या आक्षेपांत तांत्रिक मान्यतेआधीच निविदा काढणं आणि वरच्याकडे जावं लागू नये म्हणून एका कामाचे तुकडे पाडणं, हे दोन हमखास असतात.

मार्चमधल्या घाईचं कारणही यातच. विधिमंडळ पैसे एका वर्षापुरते देतं. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे संपते. म्हणून वर्षभर प्रशासकीय मान्यता रेंगाळते आणि शेवटच्या महिन्यात देयकांचे गठ्ठे कोषागारात जातात. पैसा वाचवण्यासाठी तो काढून वैयक्तिक ठेव खात्यात ठेवायचा, हा त्यावरचा चुकीचा उपाय. कागदावर खर्च झालेला दिसतो, जागेवर काहीच झालेलं नसतं, आणि महालेखापरीक्षक त्यावर वारंवार ताशेरे ओढतात. उपाय एकच, मान्यता पहिल्या तिमाहीत द्यायच्या.


कार्यक्षम

मला वाटतं इतके स्तर हवेतच कशाला? सहायक कक्ष अधिकारी लिहितो, कक्ष अधिकारी सही करतो, अवर सचिव सही करतो. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरची नस्ती, आल्यावर तरी उप सचिवानं थेट लिहावं आणि सचिवांकडे पाठवावं. मधले दोघे काढून टाका, महिना वाचेल.


शिरस्तेदार

कार्यक्षम, स्तर कमी करायला हवेत याच्याशी मी सहमत आहे. पण खालून काढणं चूक. वर जुनं_दफ्तर यांनी लिहिलं तसं, पूर्वदाखला कार्यासनातल्या कायम माणसाकडे आहे. उप सचिव काही वर्षांनी बदलतो. त्यानं थेट लिहिलं तर २०११ मध्ये हीच मागणी कोणत्या कारणानं नाकारली होती हे कोण सांगणार? दोन समान प्रकरणांत दोन निर्णय झाले की दुसऱ्या दिवशी समानतेच्या हक्काखाली याचिका येते.

स्तर कापायचे ते अधिकार खाली सोपवून. रजा, भविष्य निर्वाह निधीतला अग्रिम, वैद्यकीय प्रतिपूर्ती, ठरलेल्या निकषातली मंजुरी, अशी प्रकरणं अवर सचिव किंवा विभागप्रमुखाच्या पातळीवर संपवायची. नियमाला अपवाद करायचा असेल किंवा नवं धोरण असेल तेवढंच वर. अधिकार प्रदानाचे आदेश बहुतेक विभागांत आहेतही. तरी नस्ती वर जाते, कारण खालच्यानं सही केली आणि पुढे चूक निघाली तर तो एकटा पडतो. वर पाठवली की जबाबदारी वाटली जाते. हे भय समजून न घेता नुसता तक्ता बदलला तर काही होणार नाही.

ई-ऑफिसबद्दल : तिथे पिवळी टिपणी हा कच्चा मसुदा, बदलता येतो. ती कायम करून पुढे पाठवली की हिरवी होते, मग एक अक्षरही बदलत नाही. कोणाकडे किती दिवस होती हे दिसतं. पूर्वी नको असलेलं टिपणीचं पान बदलून टाकण्याचे जे प्रकार होत ते यानं थांबले. दोष मात्र एक शिल्लक आहे. जुनी नस्ती स्कॅन करताना दोनशे पानांची एकच फाइल बनवतात, सूची नाही, पृष्ठक्रमांक वाचता येत नाहीत. मग पूर्वदाखला संगणकात असूनही सापडत नाही.


मोडीवाचक

स्तर आणि परस्पर तपासणी याबद्दल थोडं मागचं. मराठी राज्यात एकट्याच्या हातात सगळं न देण्याचा दंडक पक्का होता. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनीसाकडे, कोठार कारखानीसाकडे. पेशवाईत मामलतदारावर दरकदारांचा, म्हणजे ठरावीक कामांच्या वेगळ्या अधिकाऱ्यांचा, अंकुश असे : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस. मामलतदाराच्या पत्रांवर दिवाणाची सही लागे, हिशेब मुजुमदार तपासून फडणिसाकडे देई, आणि यांना मामलतदार काढून टाकू शकत नसे. शेवटचा मुद्दा कळीचा. तपासणाऱ्याची नोकरी ज्याला तपासायचं त्याच्या हातात नको, ही समज तेव्हा होती.


आवकजावक

मोडीवाचक, याच धाग्यानं बदल्यांकडे येते, कारण नोकरी घेता येत नसली तरी खुर्ची घेता येते.

त्याच २००५ च्या कायद्यात एका पदावर सर्वसाधारण कालावधी ३ वर्षं आहे. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. मुदतीआधी किंवा अवेळी बदली करायची तर विशेष कारणं लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. प्रत्यक्षात कारणाच्या जागी "प्रशासकीय कारणास्तव" हे दोन शब्द असतात. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आदेश टिकतो की नाही ते नस्तीतल्या टिपणीवर ठरतं. तिथे कारण सापडलं नाही तर आदेश रद्द. आदेश काढून झाल्यावर कारण लिहिलं तर ते पूर्वमान्यतेत मोजलं जात नाही.

अखिल भारतीय सेवांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑक्टोबर २०१३ चा टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणातला निकाल महत्त्वाचा. नागरी सेवा मंडळ नेमा, किमान कालावधी ठरवा, आणि तोंडी आदेशाची लेखी नोंद करा. जानेवारी २०१४ मध्ये संवर्ग नियम बदलून किमान २ वर्षं आली. तोंडी आदेश मिळालेल्या अधिकाऱ्यानं स्वतःहून टिपणीवर लिहायचं : "अमुक दिनांकास दूरध्वनीवरून मिळालेल्या निर्देशानुसार. पुष्टीस्तव सादर." इतकी एक ओळ. ती न लिहिल्यामुळे पुढे चौकशीत खालचा माणूस सापडतो आणि वरचा सुटतो.


कलमबंद

आणि अनुच्छेद ३११ मुळे कुणालाच काढता येत नाही, हे खरं नाही. ३११ दोनच गोष्टी सांगतो : नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं काढू नये, आणि आरोप सांगून, बचावाची वाजवी संधी देऊन चौकशी झाल्याशिवाय काढू नये. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्यावर तर चौकशीचीही गरज नाही.

विभागीय चौकशी कोसळते ती तयारीअभावी. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेसाठी दोषारोपपत्रासोबत चार जोडपत्रं लागतात : दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. तिसऱ्यात लिहिलेली मूळ कागदपत्रं पोलिसांकडे जप्त असतात आणि साक्षांकित प्रती कुणी घेतलेल्या नसतात. सादरकर्ता अधिकारी (चौकशीत शासनाची बाजू मांडणारा) बदलतो. साक्षीदार निवृत्त होतात. दोषारोप मोघम असतो, "कर्तव्यात कसूर केली". कोणत्या दिवशी, कोणत्या नियमाविरुद्ध, शासनाचं किती नुकसान, यातलं काही नाही. असा आरोप सिद्ध होऊच शकत नाही.

शिवाय घड्याळ चालू असतं. निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची तर घटना दोषारोपपत्र देण्याच्या तारखेपासून मागे ४ वर्षांच्या आतली हवी. प्रकरण तीन टेबलांवर सात-सात महिने राहिलं की हा काळ निघून जातो, आणि मग कितीही पुरावा असला तरी हात बांधलेले.


रेवा_का

माहिती अधिकारात टिपण्या मागायच्या तर अर्ज कसा लिहावा? "माझ्या प्रकरणाची सर्व माहिती" असं लिहिलं की "माहिती मोघम आहे" म्हणून परत येतो.


आवकजावक

आधी नस्ती क्रमांक मिळवा. तुम्हाला आलेल्या कोणत्याही पत्राच्या डोक्यावर क्रमांक असतो, त्यात वर्ष, प्रकरण क्रमांक आणि कार्यासनाचं नाव असतं. तो देऊन लिहा : "सदर नस्तीतील टिपणी विभागाची सर्व पृष्ठे व पत्रव्यवहार विभागाची सूची यांच्या साक्षांकित प्रती." महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. "का मंजूर केलं नाही" असं विचारू नका, तो प्रश्न झाला, माहिती नव्हे. कारण टिपणीत लिहिलेलं असतं, तेच पान मागा.

नस्ती मोठी असेल तर आधी अवलोकन मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. तिथे हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून घ्या आणि तेवढ्याच प्रती घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मंत्रिमंडळापुढच्या टिपण्या निर्णय होऊन विषय पूर्ण होईपर्यंत मिळत नाहीत, त्यासाठी थांबावं लागेल.


शिरस्तेदार

एक भर. अवलोकनाला गेल्यावर टिपणीतले परिच्छेद क्रमांक सलग आहेत का ते पाहा. १४ नंतर थेट १७ आला तर तिथल्या तिथे लेखी नोंद करून जनमाहिती अधिकाऱ्याची पोच घ्या. आणि नस्तीच्या वेष्टनावर भाग नस्तीचा उल्लेख असेल तर तीही त्याच दिवशी मागा, वेगळा अर्ज लागत नाही.